मुलगा पावणेसतराचा, गाडीसाठी हट्ट, एजंट म्हणतो "होऊन जाईल मॅडम"... काय करू?

अकरावीची_आई

नमस्कार मंडळी, जरा गोंधळात आहे म्हणून विचारतेय, लगेच ओरडू नका. मुलगा पावणेसतरा वर्षांचा, अकरावीला. कॉलेज, मग क्लास, मग दुसरा क्लास आणि या सगळ्याची ड्रायव्हर मी. घरात माझी ११० सीसीची स्कूटर आहे. वर्गातली अर्धी पोरं गाडीवर येतात हे रोज जेवताना ऐकवलं जातं. परवा नात्यातल्या एकांनी सांगितलं की सोळा पूर्ण झाले की लायसन्स मिळतं, पालकांनी सही केली की झालं, आणि मग त्या लायसन्सवर कुठली गाडी चालवतोय ते कोण बघायला येतंय! एजंटचा नंबरही त्यांनीच दिला. फोन केला तर तो म्हणे मुलाला आणायचीही गरज नाही, आधार नंबर आणि ओटीपी तेवढा सांगा, परीक्षेचं आम्ही बघतो. आता ज्याची परीक्षा त्यानेच बसायचं नाही हे ऐकून मला कसंतरीच झालं, फोन ठेवून दिला. नवरा म्हणतो अठरापर्यंत थांबू दे, मुलगा तोंड फुगवून बसलाय. नक्की नियम काय आहे? आणि अठरानंतर सगळं स्वतःच करायचं म्हटलं तर किती खटाटोप आहे?

कलम_कुरतडणारा

ताई, नातेवाईक अर्धंच सांगतायत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ४ बघा. लायसन्सचं वय १८. सोळा वर्षांवाल्यांना सूट आहे पण फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी, आणि त्याला पालकांची लेखी संमती लागते. तुमची स्कूटर ११० ची, म्हणजे ते लायसन्स खिशात असलं तरी तुमच्या गाडीवर त्याचा उपयोग शून्य, पकडला तर विनालायसन्सच धरणार. ५० सीसीच्या गाड्या रस्त्यावर दिसतात तरी का हल्ली? ती सूट मोपेडच्या जमान्यातली आहे, कागदावर राहिली इतकंच.

२०१९ च्या दुरुस्तीत कलम १९९अ आलं ते तर नीट वाचाच. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो, ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिन्यांसाठी रद्द. आणि "मला माहीतच नव्हतं तो गाडी घेऊन गेला" हे तुम्हालाच कोर्टात सिद्ध करावं लागतं, किल्ली तुमच्या संमतीनेच दिली असं धरून चालतात. पण मुलाला सांगण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे, त्याला स्वतःला वयाची २५ वर्षं होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. आता पंधरा महिने थांबायचं की आठ वर्षं, हा हिशोब त्याच्याकडूनच करून घ्या.

चौदाव्या_वर्षी_स्कूटर

एवढं घाबरवू नका हो त्यांना. आम्ही सगळे आठवी-नववीपासून गाड्या फिरवतोय, काही झालं नाही. पोराचा हात साफ असेल तर जवळच्या जवळ जाऊ द्यावं, पोलीस दिसला की गल्लीतून वळायचं, एवढं तर येतंच सगळ्यांना.

क्लेम_खात्यातला_माणूस

वरच्या भाऊंना काही झालं नाही याचा आनंद आहे, खरंच. माझं अर्धं आयुष्य ज्यांना काही झालं त्यांच्या फायली चाळण्यात गेलं म्हणून लिहितो. एक फाईल अजून डोक्यातून जात नाही, सतरा वर्षांचा मुलगा, वडिलांची गाडी, वळणावर सायकलवाल्या काकांना धक्का. वेग फार नव्हताच, पण काकांचं मांडीचं हाड मोडलं आणि सहा महिने कामधंदा बंद. अशा केसमध्ये पुष्कळदा कोर्ट विमा कंपनीला सांगतं की जखमी माणसाला आधी पैसे द्या आणि मग ते गाडीच्या मालकाकडून वसूल करा. वडिलांना वाटत होतं थर्ड पार्टी भरलाय म्हणजे आपण सुटलो. वसुलीची नोटीस आली तेव्हा ते आमच्या टेबलासमोर उभे होते, हातात पॉलिसीची घडी घातलेली झेरॉक्स, आणि परत परत एकच विचारत होते, "पण हप्ता तर मी वेळेवर भरला ना?" हप्ता वेळेवरच भरला होता हो, गाडी चालवणाऱ्याकडे लायसन्स नव्हतं.

आणि वय वाढवून किंवा दुसऱ्याला परीक्षेला बसवून काढलेलं लायसन्सही पक्कं समजू नका. फसवणुकीने मिळवलेलं लायसन्स रद्द करायचा अधिकार कलम १९ मध्येच दिलाय.

आठवर_नापास

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगते, मागच्याच वर्षी एजंटशिवाय काढलंय. अठरा पूर्ण झाले की परिवहनच्या सारथी पोर्टलवर आधारने लर्निंगचा अर्ज करता येतो, परीक्षाही घरबसल्या. चिन्हं आणि नियमांचे प्रश्न असतात, ६० टक्के बरोबर आले की पास. एजंट लोक ओटीपी मागून स्वतःच उत्तरं क्लिक करतात ती हीच परीक्षा. गंमत म्हणजे दोन संध्याकाळी वाचलं तर कोणीही पास होईल, मला "रस्ता द्या" चं उलटं त्रिकोणी चिन्ह तेव्हाच पहिल्यांदा कळलं, तोपर्यंत मला वाटायचं बोर्ड उलटा लागलाय.

लर्निंग सहा महिने चालतं, आणि ३० दिवस झाले की पक्क्याची टेस्ट देता येते. तेवढ्या दिवसांत एल बोर्ड लावूनच चालवायचं, पांढऱ्यावर लाल एल, पुढे आणि मागे दोन्हीकडे. कार शिकत असाल तर शेजारी लायसन्सवाला माणूस हवा.

टेस्टला मी पहिल्या वेळी नापास झाले बरं का. दुचाकीला आठचा आकडा काढायला लावतात, पाय टेकायचा नाही. मी दुसऱ्या वळणात खाली पुढच्या चाकाकडे बघितलं आणि गाडी तिकडेच कलंडायला लागली, टेकला पाय. साहेबांनी मान वरही केली नाही, नुसतं "पुढच्या वेळी". रडू आलं होतं खरं सांगते. मग आठवडाभर रोज पहाटे मोकळ्या मैदानात विटांचे तुकडे ठेवून आठ काढले, तेव्हा कळलं की जिथे जायचंय तिकडे मान वळवायची, चाकाकडे नाही, आणि मागचा ब्रेक हलका दाबून धरायचा. दुसऱ्या वेळी एका दमात झालं. मैत्रिणीने एजंटकडून घेतलं, तिला ट्रॅकवर एक गोल मारायला लावला फक्त, ती अजून यू टर्नला दोन्ही पाय खाली सोडून गाडी ढकलत नेते.

अकरावीची_आई

सगळ्यांचे आभार. पंचवीसपर्यंत लायसन्स नाही हे वाचून दाखवल्यावर पहिल्यांदा मोबाईल खाली ठेवला त्याने. एक विचारू का, तोपर्यंत आमच्या कॉलनीतल्या आतल्या रस्त्यावर सराव केला तर चालेल का? आणि पंधरा महिने क्लासची ने-आण कशी करायची, माझी कंबर गेलीय.

कलम_कुरतडणारा

कॉलनीतला रस्ता घरचा म्हणून चालत नाही ताई, जिथे लोकांना यायजायचा हक्क आहे ती कायद्याने सार्वजनिक जागाच. ने-आणीवर उपाय म्हणजे इलेक्ट्रिक सायकल. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर ती मोटार वाहनात मोडत नाही, लायसन्स लागत नाही. फक्त घेताना कागद तपासा, "लायसन्स लागत नाही" म्हणत चाळीसच्या वेगाने पळणाऱ्याही गळ्यात मारतात. हेल्मेट मात्र घालायला लावा.

आठवर_नापास

आणि तुमच्या मागे बसतो तेव्हा मोबाईल काढून घ्या त्याच्याकडून, समोर काय होऊ शकतं ते बोलायला लावा. कुठल्या रिक्षाचं चाक वळायला लागलंय, पार्क केलेल्या कारचं दार उघडेल का, असं. माझे बाबा करायचे, तेव्हा वैताग यायचा.

अकरावीची_आई

आज करून बघितलं. क्लासपर्यंत त्याने माझ्याच चार चुका काढल्या, इंडिकेटर बंद करायला विसरले ती धरून.