फवारणीची गरज नाही, हे शेतकऱ्याला पटवायचं कसं?

शिवार_नवखा:

नमस्कार मंडळी. कीटकशास्त्र शिकून नुकतंच शेतकऱ्यांच्या एका गटाकडे कीड सल्लागार म्हणून रुजू झालोय. पिकं मका, टोमॅटो, कोबी आणि थोडा कापूस. मानधन गट देतो, औषधविक्रीशी माझा काही संबंध नाही.

परवा एका काकांच्या मक्यात गेलो होतो. पीक गुडघ्याएवढं, पोंग्यातून (शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांतून) वर आलेल्या पानांना ओळीने भोकं. काकांनी बांधावरूनच विचारलं, "कोणतं मारू?" मी आत शिरून बराच वेळ झाडं बघितली. भोकं जुनी होती, पोंगे बहुतेक स्वच्छ, ताजी विष्ठा मोजक्याच झाडांत. नवीन येणारं पान चांगलं निघत होतं. म्हटलं, "काका, आज फवारायची गरज नाही." ते म्हणाले, "मग तुम्ही येऊन केलं काय?" दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन औषधं एकत्र करून पंप फिरवला.

ज्यांनी हे काम बरीच वर्षं केलंय त्यांना विचारतो, अशा वेळी काय बोलायचं? आणि एखादी अळी शेतकऱ्यासमोर ओळखताच आली नाही तर?

---

भिंग_आणि_वही:

काकांचा प्रश्न रास्त आहे. त्यांच्या डोळ्यासमोर पान फाटलंय आणि तुम्ही त्यांना "काही करू नका" एवढंच सांगितलंत. फवारणी सांगताना आपण औषध, प्रमाण, पाणी, वेळ सगळं सांगतो. "फवारू नका" हे मात्र एका वाक्यात उरकतो. माझ्या मते नव्या सल्लागाराने आधी हे दुसरं काम नीट शिकावं. न फवारण्याचा सल्लाही तेवढाच भरीव हवा: किती झाडं बघितली, किती झाडांत ताजा प्रादुर्भाव आहे, अळी कोणत्या अवस्थेत आहे, आकडा कुठे गेला की फवारायचं, आणि पुन्हा बघायला कोण कधी येणार. हे सगळं चिठ्ठीवर लिहून द्या, एक प्रत स्वतःकडे ठेवा. मी बांधावरून निघताना शेतकऱ्याच्या हातात कागद असतोच, मग सल्ला कोणताही असो.

मक्याचंच बघा. लष्करी अळीने खाल्लेलं पान उलगडून वर येतं तेव्हा भोकं दिसतात. म्हणजे दिसतं ते नुकसान काही दिवसांपूर्वीचं असतं. आजची परिस्थिती पोंग्यात असते. काकांना हाताला धरून आत न्यायचं, पोंगा हलक्या हाताने उघडायचा. लाकडाच्या भुशासारखी ओलसर विष्ठा असेल तर अळी आत आहे. विष्ठा सुकून भुरभुरीत झाली असेल आणि अळी सापडत नसेल, तर ती एक तर मोठी होऊन जमिनीत कोषात गेली, नाही तर कुणीतरी खाल्ली. पानावर पांढुरके खरवडलेले चट्टे, जणू पातळ कागद उरलाय, असे दिसले तर अळ्या नुकत्या अंड्यातून बाहेर पडल्यात. या तीन चित्रांचे तीन वेगळे सल्ले होतात आणि तिघांनाही बांधावरून बघितलं तर "भोकं पडलीत" एवढंच दिसतं.

अळी सापडली की भिंग शेतकऱ्याच्या हातात द्या. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, शेपटाकडे चौकोनात मांडलेले चार ठिपके. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला माणूस पुढच्या वेळी फोनवर "अळी आहे" असं सांगत नाही, "चार ठिपक्यांची आहे, नखाएवढी आहे" असं सांगतो. तिथून आपलं काम निम्म्याने सोपं होतं. ही कीड मूळची अमेरिका खंडातली. २०१६ मध्ये पश्चिम आफ्रिकेत आणि २०१८ मध्ये भारतात तिची नोंद झाली, त्यामुळे अनेक जुन्याजाणत्या शेतकऱ्यांनाही ती नवी आहे. अनुभवी माणूस घाबरतो तो याच कारणाने. त्याला हिणवू नका.

आता झाडं बघायची कशी. कडेच्या ओळी सोडा, तिथे प्रादुर्भाव नेहमी जास्त दिसतो. शेतात नागमोडी चालत पाच ठिकाणी थांबा, प्रत्येक ठिकाणी सलग काही झाडं बघा, मनाने निवडू नका. माणसाचा हात आपोआप खाल्लेल्या झाडाकडे जातो. रस शोषणाऱ्या किडींसाठी वरचं, मधलं, खालचं अशी तीन पानं, आणि पान उलटून. फुलकिडे असतील तर शेंडा पांढऱ्या कागदावर झटकायचा. पांढरी माशी सकाळी गारव्यात मोजायची, उन्हं चढली की ती उडते आणि आकडा चुकतो.

आकडा कशाला, हे शेतकऱ्याला एकदा समजावून सांगा. कीड दिसणं आणि किडीने तोटा होणं यात अंतर असतं. १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या चार कीटकशास्त्रज्ञांनी आर्थिक नुकसान पातळीची कल्पना नीट मांडली: जेवढ्या किडीमुळे होणारं नुकसान नियंत्रणाच्या खर्चाएवढं होतं, ती पातळी, आणि तिथे पोचण्याआधी फवारणीला हात घालायचा तो आकडा वेगळा. कापसात गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात) सलग तीन रात्री प्रत्येकी ८ पतंग, हा अशाच आकड्यांपैकी एक. बाकी पिकांचे आकडे तुमच्या भागातल्या कृषी संशोधन केंद्राच्या शिफारशीत मिळतील, तेच वापरा. पीक कोवळं असताना आणि कणसावर आल्यावर एकाच किडीचे आकडे वेगळे असतात, हेही चिठ्ठीत लिहा.

मित्रकीटक दाखवल्याशिवाय शेत सोडू नका. "मित्रकीटक असतात" असं सांगून कुणाला पटत नाही. माव्याने भरलेलं एक पान घ्या. त्यात फुगून टणक झालेला, तपकिरी-सोनेरी रंगाचा मावा शोधा. तो मेलेला असतो, त्याच्या आत एका बारीक गांधीलमाशीचं पिल्लू वाढत असतं. काहींच्या पाठीवर गोल छिद्र दिसेल, तिथून ती माशी बाहेर पडली. एका टोमॅटोवाल्या दादांनी हे भिंगातून बघितलं आणि मग स्वतःच मोजायला बसले, अशा कितीतरी फुगीर सालपटांनी ते पान भरलं होतं. त्या दिवशी मला फवारणी थांबवायला एक शब्द बोलावा लागला नाही.

फवारून कीड वाढते हे अनेकांना खरं वाटत नाही. भातावरच्या तपकिरी तुडतुड्याचं उदाहरण सांगा. इंडोनेशियात शेतं वारंवार फवारली गेली, तुडतुडे खाणारे कोळी आणि तुडतुड्यांची अंडी फस्त करणारे ढेकणाच्या जातीचे मित्रकीटक मेले, तुडतुडे मात्र खोडाच्या बुंध्याशी आणि अंडी खोडाच्या आत राहिली. साथी इतक्या भयंकर झाल्या की १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. पुढे १९८९ पासून तिथे शेतकऱ्यांच्या शेतशाळा सुरू झाल्या, हंगामभर दर आठवड्याला शेतात उतरून स्वतः मोजायचं. आपण जे काम करतो त्याचा पाया तिथे घातला गेला असं मी मानते.

आणि आकडा ओलांडला असेल तर त्याच दिवशी फवारा म्हणा. अळ्या मोठ्या होऊन पोंग्यात खोल शिरल्या की त्यांच्याच विष्ठेचं बूच वर बसतं आणि औषध आत पोचत नाही. तिथे "दोन दिवस बघू" म्हणणारा सल्लागार शेतकऱ्याचं नुकसान करतो. संध्याकाळी, नोझल पोंग्यावर धरून, पोंग्यात द्रावण उतरेल असं मारायला सांगा. वेळेवर फवारा म्हणणाऱ्यावरच लोक त्याच्या "फवारू नका"साठी विश्वास ठेवतात.

---

ठिबक_बागायतदार:

मी शेतकरी आहे, सल्लागार नाही. ताईंनी लिहिलंय ते बरोबर, पण आमच्या बाजूचंही सांगतो.

पानं खाल्लेली दिसली की रात्री झोप लागत नाही. पैसा, मजुरी, पाणी सगळं त्या मातीत गेलेलं असतं. फवारलं की निदान आपण काहीतरी केलं असं वाटतं. तुम्ही नाही म्हणता तेव्हा तो घोर कुणीतरी वाटून घ्यावा लागतो. आमचे सल्लागार सांगितलेल्या दिवशी येतातच, येता आलं नाही तर आदल्या दिवशी फोन करतात. एवढ्यावरच मी त्यांचं ऐकायला लागलो, पुस्तकी ज्ञान पुढे कळलं.

दुसरं, आल्या आल्या तोडणी कधी आहे ते विचारा. टोमॅटो चार दिवसांवर तोडायचा असेल आणि औषधाच्या लेबलवर काढणीपूर्व कालावधी (फवारणी आणि तोडणीत ठेवायचे दिवस) त्याहून जास्त असेल, तर तो सल्ला आमच्या काही कामाचा नाही, आणि खाणाऱ्यासाठीही वाईट.

तिसरं, फक्त मालकाशी बोलू नका. निंदणी, तोडणी करणाऱ्या बायकांची नजर रोज पानाखाली असते. माझ्या टोमॅटोत नागअळी (पानाच्या आत राहून पोखरणारी अळी) पहिल्यांदा त्यांनीच दाखवली, पान उजेडासमोर धरून. त्यांनाही भिंग द्या.

---

पतंगपेटी:

ओळखण्याबद्दल थोडं, मी प्रयोगशाळेत हेच काम करतो.

ओळख पटली नाही तर "तपासून सांगतो" म्हणा आणि कधीपर्यंत सांगाल तेही सांगा. अळी प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून पाठवू नका, ती कुजून येते. काही अळ्या उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, रंग आणि आकार टिकतो. उरलेल्या जिवंत ठेवा, त्याच पिकाची ताजी पानं घालून, बरणीच्या तोंडाला कापड बांधून. पतंग बाहेर आला की बऱ्याच शंका मिटतात, आणि पतंगाऐवजी बारीक माशी बाहेर आली तर तुमच्या शेतात परोपजीवी (किडीच्या अंगात वाढून तिला मारणारे कीटक) किती काम करताहेत ते कळतं. चिठ्ठीवर पीक, झाडाचा भाग, तारीख हवीच. फोटो काढताना डोकं, बाजू आणि शेपूट असे तीन, शेजारी मोजपट्टी ठेवून.

शिवाय प्रत्येक वाकडं पान म्हणजे कीड नाही. तणनाशकाचा वारा लागला, विषाणू आला, अन्नद्रव्य कमी पडलं तरी पान वळतं. ठिपके पडलेलं पान भिंगाखाली आधी उलटं करून बघा. आठ पाय आणि बारीक जाळी दिसली तर तो लाल कोळी, कीटक नव्हे. त्यावर सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक मारलं तर भक्षक कोळी मरतात आणि लाल कोळी आणखी वाढतो.

---

शिवार_नवखा:

सगळ्यांचे आभार. काकांकडे उद्याच चिठ्ठी घेऊन जातो आणि त्यांना पोंगे उघडायला लावतो.

ताई, एक राहिलं. काकांनी दोन औषधं मिसळली होती. म्हणाले, "गेल्या वेळी एक वापरलं, या वेळी दुसरंही घातलं, बदल केलाच की." डबे बघितले तर एकात क्लोरँट्रानिलिप्रोल, दुसऱ्यात फ्लुबेंडियामाइड. यावर त्यांना काय सांगू?

---

भिंग_आणि_वही:

दोन्ही डायमाइड, गट क्रमांक २८ (औषध किडीवर कसं काम करतं त्यावरून गटाला क्रमांक दिलेला असतो). डबा बदलला, अळीवर घाव घालायची जागा तीच राहिली. गेल्या वेळी जी अळी वाचली तिच्याच पिल्लांवर पुन्हा तेच मारलं, आणि या वेळी तर एकाच टाकीत दोनदा. प्रतिकारशक्ती अशीच तयार होते. तुमच्याकडे कोबी आहे म्हणून सांगते, कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची डीडीटीला प्रतिकारशक्ती १९५३ मध्येच जावा बेटावर नोंदली गेली, पुढे १९९० च्या सुमारास हवाईत त्याने बीटी (जिवाणूपासून बनवलेलं कीटकनाशक) फवारणीलाही दाद दिली नाही. कोबीत तर या बाबतीत जराही ढिलाई नको.

शेतकऱ्याला रसायनांची नावं पाठ करायला लावू नका, गटाचा आकडा दाखवा. वहीत प्रत्येक शेताचं एक पान करा: तारीख, कीड, औषध, गट. एमामेक्टिन ६, स्पिनेटोरम ५, डायमाइड २८. किडीच्या एका पिढीवर एक गट वापरला की पुढच्या पिढीला दुसरा. लष्करी अळीची पिढी उबदार हवेत साधारण महिनाभराची, त्या हिशेबाने आखणी करा. आणि अळ्यांची एकाच वेळी दोन औषधं टाकीत घालायची नाहीत, तेही तिथेच लिहा.

काकांच्या मक्यात आता फवारणी झालीच आहे, तर तिचा उपयोग करून घ्या. फवारल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच पद्धतीने पुन्हा मोजा, काकांना सोबत घेऊन. अळ्या मेल्यात की नाही, किती ठिकाणी कोळी आणि लेडीबर्ड उरलेत, दोन्ही लिहा. शेजारी न फवारलेला मका असेल तर तोही त्याच दिवशी मोजा आणि दोन्ही आकडे काकांसमोर ठेवा. मग इथे येऊन सांगा काय निघालं ते, मलाही बघायचंय.