मदत हवी आहे: कोठ्यात ठेवलेलं 'कृषक' विमान परत उडवायचंय, सुरुवात कुठून करू?

संत्राबाग_मोर्शी:
नमस्कार मंडळी, जरा लांब लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हालाही सांगता येणार नाही.

आम्ही मोर्शीकडचे, संत्र्याची बाग आहे. बाबा १९७० ला एअरफोर्समध्ये लागले, एअरफ्रेम फिटर म्हणून, आणि सुरुवातीची काही वर्षं एओपीला (एअर ऑब्झर्व्हेशन पोस्ट) होते, म्हणजे विमान उडवणार तोफखान्याचे ऑफिसर आणि देखभाल एअरफोर्सची. तिथलं विमान म्हणजे एचएएलचं (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) कृषक. वर पंख, शेपटीखाली छोटं चाक, पाइपाच्या सांगाड्यावर कापड. गोळा कुठे पडला ते वरून बघायचं आणि वायरलेसवर खाली तोफेला सांगायचं, हे त्याचं काम. लोंगेवालाला ५ डिसेंबर १९७१ ला मेजर आत्मा सिंग यांनी हंटर लढाऊ विमानांच्या पायलटांना रणगाडे दाखवले ते कृषकमधूनच. पुढे हेलिकॉप्टरं आली आणि ही विमानं गेली.

दोन वर्षांआधी एका बंद पडलेल्या टेक्निकल इन्स्टिट्यूटचा लिलाव होता, बाबा लेथ मशीन बघायला गेले आणि मागच्या शेडमध्ये त्यांना हे दिसलं. लेथ तिथेच राहिली. भंगाराच्या भावात घेतलं, पंख वेगळे करून आयशरने दोन खेपांत आणलं, आता ते कोठ्यात आहे आणि जनावरं धुऱ्याजवळच्या मांडवात बांधतो.

बाबा ७४ वर्षांचे आहेत. त्यांचं म्हणणं, "यंदाच्या हिवाळ्यात इंजिन चालू झालं पायजे, येकडाव आवाज आयकू दे, मंग उडवाचं पाहू." मला भीती हीच आहे की घाईत आवाज ऐकायला जाऊ आणि इंजिनच कायमचं घालवून बसू.

सध्याची हालत: इंजिन कॉन्टिनेंटल ओ-४७०, सहा सिलिंडर, २२५ हॉर्सपॉवर. प्रोपेलर हाताने थोडा हलतो मग अडतो. कापड फाटलंय, शेपटीकडच्या पाइपांना गंज, पिटो ट्यूब (वेग मोजायची नळी) कुंभारीण माशीने मातीने भरून टाकलीय. मीटरच्या काट्यांवरचा रंग पिवळा पडून पापुद्रे निघालेत. लॉगबुक (उड्डाण-दुरुस्तीची नोंदवही) नाही, लिलावाची पावती आहे आणि डेटा प्लेट (विमानाच्या नंबराची पट्टी) जागेवर आहे. इंजिन कसं तपासू, गंज किती आत गेलाय ते कसं कळेल, आणि कागदाशिवाय हे कधी कायद्याने उडू शकतं का?

मॅग्नेटो_नागपूर:
मी एएमई आहे, म्हणजे विमानाच्या देखभालीचा परवाना असलेला इंजिनिअर, पिस्टन इंजिनवरच जास्त काम केलंय. दादा, सगळ्यात आधी प्रोपेलर हलवणं बंद करा, आजपासूनच, आणि बघायला येणाऱ्या पोट्ट्यांनाही सांगा. एक तर सिलिंडरच्या भिंतीवर गंज असेल तर रिंगा तो खरवडत जातील. दुसरं म्हणजे मॅग्नेटोला (प्लगसाठी ठिणगी तयार करणारा भाग) बॅटरी लागत नाही, त्याची अर्थिंगची वायर तुटलेली असेल तर स्विच ऑफ असूनही ठिणगी पडते आणि सिलिंडरमध्ये जरा जरी पेट्रोलची वाफ असली तर प्रोपेलर झटका मारतो. हात जातात लोकांचे.

वरचे सहाही स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकातून गंज सोडवणारं तेल मारा आणि निदान आठवडाभर तसंच ठेवा. मग बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घाला, मोबाइलला जोडायचा साधा चालतो, भिंतीवर खड्डे दिसतात का बघा. कॉन्टिनेंटलमध्ये कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या खाली असतो म्हणून तो जरा वाचतो, लायकमिंग कंपनीच्या इंजिनात वर असतो आणि तेल उतरून गेलं की आधी तोच गंजतो. तरी उघडून बघितल्याशिवाय स्टार्ट करू नका. ओ-४७० सेस्ना १८२ लाही आहे त्यामुळे इंजिनच्या पार्टसाठी अडणार नाही, अडेल ते एअरफ्रेमसाठी.

आणि पंपावरचं पेट्रोल टाकून चालवायचा विचार असेल तर तो सोडा. आता त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुने रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरचे गॅस्केट फुगतात. अ‍ॅव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोलच लागेल.

डोप_आणि_कापड:
मी ग्लायडरचं कापडकाम केलंय त्यावरून सांगतो. तुमचं विमान शेपटीवर टेकून उभं राहतं त्यामुळे आत गेलेलं पाणी सगळं मागे वाहत जातं आणि खालच्या पाइपात साचतं. पाइप बाहेरून रंगवलेला छान दिसतो आणि आतून कागदासारखा झालेला असतो. ऑटोमॅटिक सेंटर पंच घ्या, मागच्या खालच्या पाइपावर बोट-बोट अंतरावर मारत जा, चांगल्या पाइपावर नुसता ठिपका उमटेल, सडलेला असेल तर आत जाईल. गेला तर वाईट वाटून घेऊ नका, तो तुकडा बदलता येतो. पण गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून, तो कितीही हुशार असला तरी, करू नका. विमानाचा पाइप क्रोमोली स्टीलचा असतो, त्याचा जोड घालायची पद्धत ठरलेली आहे.

जुनं कापड फेकू नका हो! शिवण कुठे आहे, रिब्जला (पंखाच्या आतल्या फासळ्या) दोरा किती अंतरावर बांधलाय, हे सगळं त्यावरूनच मोजायचंय.

आणि मीटर उघडू नका, घासू तर अजिबात नका. त्या काळच्या चमकणाऱ्या काट्यांवर रेडियम असायचं, चमक गेली तरी रेडियम तिथेच असतं, अर्धं व्हायला १६०० वर्षं लागतात. पापुद्रे निघाले असतील तर ती धूळ पोटात जाता कामा नये. पॅनेल अख्खं काढून जाड प्लास्टिकमध्ये बांधा आणि जनावरांच्या चाऱ्यापासून लांब ठेवा.

मॅग्नेटो_नागपूर:
कागदांचं राहिलं होतं. उडवायचं तर डीजीसीएकडे (विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं) व्हीटी नंबरने नोंदणी लागते आणि उडण्यालायक असल्याचं सर्टिफिकेट लागतं, नवा भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झालाय पण ह्या दोन गोष्टी त्यातही सुटत नाहीत. इतिहास नसलेल्या विमानावर कुठलाही एएमई सही करताना दहादा विचार करेल, मीसुद्धा करेन. म्हणून आजपासून वही घाला, प्रत्येक नट काढला त्याची तारीख, फोटो, कोणी काढला. डेटा प्लेटला हात लावू नका. आणि बाबांना समोर बसवून मोबाइलवर रेकॉर्ड करा, कुठली केबल किती ताणायची, कुठे तडा जायचा. असं बोलणारी माणसं आता किती राहिलीत.

संत्राबाग_मोर्शी:
खूप आभार, खरंच. एअरफोर्सचा परशुराम नावाचा डाकोटा, जुनं मालवाहू विमान, आहे ना, तो भंगारातून घेऊन ब्रिटनमध्ये दुरुस्त झाला आणि २०१८ ला उडत भारतात आला, ज्यांनी दिला त्यांचे वडील डाकोटाचे पायलट होते. तेवढा पैसा आमच्याकडे नाही हे मला माहीत आहे, पण बाबांचे हात अजून चालतात आणि मला ते चालू असतानाच हे करायचंय.

मॅगभाऊ, तुमचं वाचून दाखवलं तर बाबा म्हणाले, "बराबर सांगून रायला तो, मीच इसरलो होतो." काल प्लग काढायला घेतले, पाच निघाले. सहावा, मागचा डावीकडचा, हलत नाहीये. जोर लावू का?

मॅग्नेटो_नागपूर:
नाही! प्लग तुटेल किंवा सिलिंडरचे आटे घेऊन येईल. बुडाशी तेल सोडा, तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ, आणि पाना लावून सोडवायच्या आधी जरा आवळायच्या दिशेने द्या, मग उलटा. बाकी पाच प्लगांचे फोटो टाका, कुठल्या भोकातला कुठला ते लिहून, त्यांच्या रंगावरून आतलं बरंच कळतं.

संत्राबाग_मोर्शी:
टाकतो. बाबांनी पाचही नंबर घालून ठेवलेत, संत्र्याच्या पेटीत.