स्विफ्टला 5 मिमी स्पेसर (चाक बाहेर सरकवायला मागे घालतात ती चकती) टाकल्यापासून स्टीअरिंग थरथरतंय, नेमका कुठला स्पेसर घ्यावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, गाडी 2014 ची स्विफ्ट डिझेल, बाबांनी घेतलेली, आता मी वापरतो. मागच्या महिन्यात 14 इंची लोखंडी चाकं काढून 15 इंची अलॉय आणि 195/60 टायर टाकले. मागची चाकं व्यवस्थित बसली पण पुढे टायरची आतली बाजू आणि स्ट्रट (शॉक ॲबसॉर्बरचा खांब) यात जेमतेम 3 मिमी फट राहिली, स्टीअरिंग पूर्ण वळवून खड्ड्यात गेलो की घासल्याचा आवाज यायचा. दुकानदार म्हणाला 5 मिमीचे स्पेसर टाका, घासणं बंद होईल, आणि ते झालं बंद, पण नवीनच दुखणं लागलं.

साताऱ्याच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला आणि 80 च्या वर गेलो की स्टीअरिंग थरथरायला लागतं, 85-90 ला सगळ्यात जास्त, 100 नंतर थोडं कमी. आई पुढे बसली होती, तिच्या हातातल्या बाटलीतलं पाणी हलताना दिसत होतं आणि तिनेच विचारलं की गाडीला काय झालंय रे. बॅलन्सिंग दोनदा करून झालं, मशीनवर शून्य दाखवतं. अलाइनमेंटही केली. स्पेसर काढून तेवढाच पट्टा पुन्हा चालवला तर थरथर जवळपास नाहीच, म्हणजे टायरचा दोष नाही असं मी धरतोय.

काल चाक काढून स्वतः मोजलं. स्पेसर ॲल्युमिनियमचा, सपाट, त्याला 4x100, 4x108, 4x114.3 (4 बोल्ट आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास मिमीमध्ये) सगळ्यांसाठी लांबट भोकं, आणि मधलं भोक एवढं मोठं की हबच्या (चाक ज्यावर बसतं तो भाग) नाकावर, म्हणजे मधल्या गोल उंचवट्यावर, तो मोकळा हलतो. स्विफ्टचा हब 54.1 मिमी आहे. अलॉयचं मधलं भोक 73.1, त्यात प्लास्टिकची रिंग आहे, पण स्पेसरमुळे हबचं नाक रिंगपर्यंत नीट पोचतच नाही, बोट घालून पाहिलं तर नुसती कड लागते. एका बाजूची रिंग तडकलीय. आणि ज्याने मला झोप लागली नाही ते म्हणजे नट हाताने फिरवत मोजला तर स्पेसरशिवाय साडेनऊ फेरे बसतो आणि स्पेसरसकट फक्त साडेपाच.

आता प्रश्न असा की हब-सेंट्रिक (हबच्या नाकावर नेमका बसणारा) 5 मिमी मिळतो का, की 15-20 मिमीचा बोल्ट-ऑन (हबला नटांनी बसणारा, चाकासाठी स्वतःचे स्टड असलेला) घ्यावा? घरची माणसं बसतात गाडीत म्हणून घाई करायची नाहीये.

प्रतिसाद
दादा, सगळ्यात आधी ते स्पेसर काढून ठेवा, थरथर नंतर बघू. स्टड (हबवरचा बोल्ट, ज्यावर नट बसतो) M12x1.25 आहे, म्हणजे 12 मिमी जाड आणि एका फेऱ्याला 1.25 मिमी, तर साडेपाच फेरे म्हणजे 7 मिमीसुद्धा पकड नाही, निदान स्टडच्या जाडीएवढी म्हणजे 12 मिमीच्या आसपास हवी. बॅलन्सिंग मशीन चाक मधल्या भोकावर धरतं, म्हणून तिथे शून्य येणारच, तुमच्या गाडीवर मात्र चाक मध्यावर बसतच नाहीये. स्पेसर हलतो त्याने फार फरक पडत नाही, त्याचं वजन ते किती, खरा घोळ चाकाला टेकायला नाकच उरलं नाही याचा आहे. त्यात चाक जमिनीवर टेकवून एअर गनने नट आवळले की जिथे असेल तिथेच ते अडकतं.

15 मिमीच्या बोल्ट-ऑनमध्ये मूळ स्टड स्पेसरच्या बाहेर डोकावतात, अलॉयच्या मागे तेवढे खळगे नसतील तर चाक बसणार नाही, आणि 20 मध्ये टायर फेंडरला लागायची भीती. तुमच्या अलॉयचं भोक 73.1 आहे हे उलट फायद्याचं, चांगल्या लेथवाल्याकडून 5 मिमीचाच स्पेसर करून घ्या, आतून 54.1, बाहेरच्या बाजूला 73.1 ची कड, मग प्लास्टिकची रिंग लागणारच नाही. सोबत लांब स्टड हवेतच. बसवताना हबवरचा गंज वायर ब्रशने पूर्ण काढा, नाहीतर स्पेसर तिरका बसतो. चाक हवेत असताना नट हाताने समोरासमोर आवळा, मग गाडी खाली घेऊन टॉर्क पान्ह्याने, आणि 50-100 किमीनंतर पुन्हा तपासा.

धागाकर्ता
खूप आभार भाऊ, बॅलन्सिंगचं कोडं आत्ता सुटलं. आज संध्याकाळीच जुनी 14 इंची चाकं परत चढवतो. लेथवाला ओळखीचा आहे, ते काम होईल. आता एवढंच सांगा, कोणी स्विफ्टच्या पुढच्या हबचे स्टड बदललेत का? हब न काढता जुना स्टड मागून निघतो की बेअरिंगसकट सगळं उतरवावं लागतं?