मूल बोलतच नसेल, तर मानसोपचारात नेमके काय घडते?

प्रश्न : आजोबा गेल्यापासून माझी ९ वर्षांची मुलगी शाळेच्या वेळी पोट दुखते म्हणून रडते. बालरोगतज्ज्ञांना शारीरिक कारण सापडले नाही. त्यांनी मानसोपचार सुचवला आहे. जी घरातही मन मोकळे करत नाही, ती परक्या व्यक्तीशी काय बोलणार?

प्रतिसाद १ : तिने बोललेच पाहिजे, अशी अपेक्षा तिथे नसते. मुलांचे दुःख अनेकदा शरीरातूनच व्यक्त होते, म्हणून उपचारक खेळणी, चित्रे, माती यांच्या आधारे काम करतात. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट कागदावर एक वेडीवाकडी रेघ ओढत, मूल तिचे चित्र करी, मग मुलाने ओढलेल्या रेघेचे चित्र ते स्वतः करत. या देवाणघेवाणीत मुलाला सांगता न येणारे बरेच काही कागदावर उतरे. बाहुली रुसली, तर ‘हिला राग आला आहे, की कुणाची आठवण येते आहे?’ असे उपचारक विचारतात, आणि भावनेला नाव मिळाले की ती मुलाला पेलू लागते.

प्रतिसाद २ : किशोरवयीन मुलांशी संवाद अधिक थेट असतो. तिथे गोपनीयता फार मोलाची. जिवाला धोका असेल तरच पालकांना सांगितले जाईल, हे सहसा सुरुवातीलाच स्पष्ट केले जाते. मुलगी लहान असली, तरी घरी आल्यावर ‘आज काय बोललीस?’ असे खोदून विचारू नका, ही कळकळीची विनंती.

प्रतिसाद ३ : जवळपास उपचारक नसल्यास ‘टेली-मानस’च्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर मराठीतूनही मार्गदर्शन मिळते.