लेन्सचं झाकण : कुठे हरवलं, आणि आता कसं सांभाळता? अनुभव सांगा

दांडियाबाजारची_लेक :
दिवाळीची आवराआवर चालू आहे. आज माळ्यावरून आईचा शिवणाचा पत्र्याचा डबा खाली काढला. टिचबटणं, हुकं, रिळं, आणि तळाशी एक काळं झाकण. उचलल्याबरोबर ओळखलं. कुठल्यातरी बरणीचं झाकण आहे ते. बाहेरून काळा रंग दिलेला, आतून कडेला काळ्या मखमलीची पट्टी चिकटवलेली. बाबांनी एका रात्रीत केलेलं.

मी दुसरीत होते. अनंत चतुर्दशी होती, तेव्हा बडोद्यातले गणपती सुरसागर तलावात विसर्जन व्हायचे. बाबा कठड्यापाशी फोटो काढत होते. लेन्सचं झाकण माझ्या हातात दिलं, "घट्ट धर हं." आमच्या गल्लीचा गणपती पाण्याकडे निघाला आणि मी दोन्ही हात वर करून मोरया म्हणाले. झाकण गेलं. ढोलताशात पाण्याचा आवाजसुद्धा आला नाही. घरी पोचेपर्यंत मला सांगायचा धीर झाला नाही. बाबा रागावले नाहीत. "बाप्पाबरोबर गेलं," एवढंच म्हणाले आणि जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात बरण्या धुंडाळायला लागले.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. कॅमेरा त्याआधीच विकला होता.

आणि गेल्या रविवारी मी स्वतः वढवाणा तलावावर ६७ चं झाकण घालवून आले. बदकांचा थवा उठला, एका हातात झाकण, दुसऱ्या हातात कॅमेरा, पुढचं आठवत नाही. तर सांगा, तुमची कुठे कुठे गेली आणि आता काय करता?

मकरपुरा_गेट :
डावा खिसा. कायम डावा. दुसऱ्या कशालाही त्या खिशात जागा नाही, रुमालालासुद्धा नाही.

पाणवठा :
ताई तुमचं सुरसागरचं वाचून गलबललं. माझे बाबाही असेच, वस्तू मोडली की रागवायच्या आधी दुरुस्तीला बसायचे.
वढवाण्याला मी दर रविवारी असतो. मनोऱ्याजवळ गेल्या महिन्यात एक झाकण सापडलंय पण त्यावर ५८ लिहिलंय, तुमचं नव्हे. कुणाचं असेल तर सांगा, जपून ठेवलंय.

रावपुऱ्यातली_वहिनी :
५८ म्हणजे काय? आमच्याकडे लेन्सवर ५० लिहिलंय म्हणून ह्यांनी ५० चं झाकण मागवलं, ते बसेचना.

घडियाळी_पोळ :
वहिनी, ५० मिमी ही लेन्सची फोकल लेंग्थ. झाकणाचं माप वेगळं. लेन्सच्या पुढच्या कडेवर शून्याला तिरकी रेघ मारल्यासारखं चिन्ह असतं, त्याच्यापुढचा आकडा बघायचा. ४९, ५२, ५५, ५८, ६२, ६७, ७२, ७७, ८२ अशी मापं असतात. एकाच कंपनीच्या दोन ५० मिमी लेन्सना वेगवेगळं झाकण लागू शकतं. कॅननच्या जुन्या ५० ला ५२ लागायचं, नव्या एसटीएम प्रकारच्या ५० ला ४९ लागतं. जुनं झाकण असेल तर त्याच्या आतल्या बाजूलाही बहुतेक वेळा आकडा असतो. तो बघून घ्या, म्हणजे परत पैसे जाणार नाहीत.

रावपुऱ्यातली_वहिनी :
अय्या हो, आहे की! ४९. थँक्यू दादा. पोळ्या करताकरता बघितलं, लेन्सला पीठ लागलं थोडं.

घडियाळी_पोळ :
कापडाने लगेच घासू नका!! आधी फुंकणीने उडवा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते.

निवृत्त_काका :
आमच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. माझा पहिला कॅमेरा आग्फा क्लिक थ्री. तो आपल्या बडोद्यातच तयार व्हायचा, न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये, आणि कॅमेऱ्यावर बडोद्याचं नाव असायचं. मुंबईच्या मावसभावाला मी ते मुद्दाम दाखवायचो. १२० चा रोल, बारा फोटो. त्याला चामड्याची केस होती, पुढचा भाग खाली लोंबायचा पण सुटायचा नाही. झाकण वस्तूलाच बांधलेलं असावं ही अक्कल त्या केसमध्ये होती. कमाटीबागेत पोरांना छोट्या रेल्वेत बसवून काढलेले फोटो अजून आहेत, एकही खराब नाही झाला.

गोत्रीकर :
काका कमाटीबाग म्हणालात, बरं वाटलं. आमच्याकडे नवी पिढी सयाजीबागच म्हणते.

मांडवीची_माई :
आमचे हे तर कमाटीबागेतल्या त्या रेल्वेसाठी रविवारी मुलांपेक्षा आधी तयार व्हायचे. नंतर सेव उसळ ठरलेली. तर्री वेगळी मागून घ्यायची आणि पाव मोजायचे नाहीत.

गोत्रीकर :
माई आता भूक लागली हो.

पाणवठा :
मी दोरीवाला आहे. लेन्सभोवती इलॅस्टिकचं कडं, त्याला दोरी, दोरीच्या टोकाला चिकटणारी गोल बटणासारखी चकती, ती झाकणावर चिकटवायची. स्वस्त मिळतं. पण दोन गोष्टी अनुभवाने सांगतो. पहिली, चिकटवायच्या आधी झाकण स्पिरिटने पुसा आणि एक रात्र दाबून ठेवा. आपल्या मे महिन्यात गाडीत ठेवलेल्या बॅगेत तो गोंद पातळ होतो आणि चकती सुटून येते. माझी पहिली अशीच गेली, दोरी राहिली आणि झाकण नाही. दुसरी, तिपाईवर कॅमेरा लावून शटर जास्त वेळ उघडं ठेवणार असाल तर दोरी काढून ठेवा. वाऱ्याने झाकण हलतं, लेन्सवर टक टक आपटतं आणि फोटो हलतो. पावागडाकडे वारा काय असतो तुम्हाला माहीत आहे. चांपानेरच्या मशिदीचे संध्याकाळचे सहा फोटो मी असे घालवले, मग कळलं.

मकरपुरा_गेट :
म्हणून खिसा.

पाणवठा :
दादा खिशातून पडतं ना पण. स्कूटरवर बसताना.

मकरपुरा_गेट :
शर्टाचा खिसा. बटणाचा.

उत्तरायणवाला :
आमचं १४ जानेवारीला गच्चीवरून गेलं. चौथा मजला. पतंग बघत मी मागे सरकलो आणि कठड्यावर ठेवलेलं झाकण कोपराने ढकललं गेलं. तीन दिवसांनी खाली पोरं लगोरी खेळत होती, बघतो तर सगळ्यात वरची चपटी वस्तू माझं झाकण! परत मागितलं नाही. ती रचलेली लगोरी इतकी छान दिसत होती की फोटोच काढला. तो फोटो अजून माझ्या आवडीचा आहे.

दांडियाबाजारची_लेक :
@उत्तरायणवाला तो फोटो इथे टाका ना!

फाइनआर्ट्सचा_जुना :
कठडा, बाक, गाडीचं टप, देवळाची पायरी. यावर झाकण "फक्त एक मिनिट" ठेवलं की गेलं. मी नियम केला, झाकण हातातून सुटलं तर ते एकतर लेन्सवर किंवा ठरलेल्या जागी. तिसरी जागा नाही. विद्यार्थ्यांनाही हेच सांगतो. माझ्या पट्ट्यावर खांद्याजवळ वेल्क्रोचा एक तुकडा शिवलाय, दुसरा झाकणाच्या बाहेरच्या बाजूला चिकटवलाय. काढलं की चर्रकन तिथे. आठ वर्षं तेच झाकण आहे. फक्त कीर्तिमंदिरात नंदलाल बोसांच्या भित्तिचित्रांसमोर शांतता असते, तिथे तो वेल्क्रोचा आवाज मलाच नको वाटतो, मग तिथे हातातच धरतो.

तांबेकरवाडा_प्रेमी :
माझं तांबेकर वाड्यात. लाकडी जिना, अंधार, वर भिंतभर चित्रं. मान वर करून बघतच राहिले आणि झाकण जिन्यावरून टक टक टक करत खाली. प्रत्येक पायरीचा आवाज ऐकला. तिथल्या राखणदार काकांनी बॅटरी आणून शोधून दिलं, आणि मग स्वतःहून कुठली चित्रं नीट बघायची ते दाखवलं. अर्धा तास. झाकण पडलं नसतं तर मी दहा मिनिटांत बाहेर पडले असते.

रावपुऱ्यातली_वहिनी :
आमच्या घरापासून पाच मिनिटांवर आहे वाडा आणि मी एकदाही आत गेले नाहीये.

तांबेकरवाडा_प्रेमी :
वहिनी शनिवारी येता का, आपण दोघी जाऊ.

रावपुऱ्यातली_वहिनी :
येते! सासूबाईंनाही आणते.

विश्वामित्रीकाठ :
माझं काळ्या घोड्याजवळच्या पुलावरून थेट नदीत. खाली वाळूवर मगर ऊन खात पडलेली, तिचाच फोटो काढत होतो. आता उतरून आणा म्हणावं.

निवृत्त_काका :
मगरीला राहू द्या ते. तुम्ही सुखरूप आलात हे बरं.

लग्नाचे_फोटोवाले :
वीस वर्षं लग्नं, मुंजी, गरबा करतोय. खरं सांगू का, कामाच्या दिवशी मी झाकण लावतच नाही. सकाळी काढून बॅगेच्या आतल्या चेनच्या कप्प्यात, रात्री परत. दिवसभर लेन्सवर हूड, म्हणजे पुढे बसवायचं ते नळीसारखं कडं. हूड धक्का खातो, बोटं लागू देत नाही, हरवत नाही. गरब्याच्या मैदानात नवव्या रात्री धूळ इतकी असते की पुढे साधा काचेचा फिल्टरसुद्धा ठेवतो. फिल्टर घेताना मात्र बघा, अगदी पातळ फिल्टरला पुढे आटे नसतात, त्यावर झाकण धरतच नाही. बरेच जण झाकणाला दोष देतात, दोष तिथे नसतो.
झाकण बदलायचंच असेल तर मध्यभागी चिमटीत धरायचं घ्या. कडेला दाबायचं झाकण हूड लावल्यावर काढता येत नाही, बोटंच जात नाहीत.
आणि लेन्स बदलताना मागचं झाकण आणि बॉडीचं झाकण एकमेकांत फिरवून ठेवा. एकाच कंपनीच्या एकाच माउंटची (लेन्स बॉडीला जोडायची खाच एकच) असली की बसतात. दोन छोट्या वस्तूंची एक मोठी होते, आतून धूळही जात नाही.

घडियाळी_पोळ :
हे शेवटचं मला माहीत नव्हतं. आत्ता करून बघितलं. बसलं!

गोत्रीकर :
पण उघडी लेन्स उन्हात ठेवू नका कुणी. मिररलेसमध्ये (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात) सूर्य थेट आत सेन्सरवर किंवा शटरच्या पडद्यावर उतरतो, भिंगाने कागद जाळतो तसं. जुन्या कापडी शटरच्या रेंजफाइंडरना तर अशी भोकं पडायची. गळ्यात असेल आणि फोटो काढत नसाल तर झाकण लावाच.

निवृत्त_काका :
रेंजफाइंडर म्हणालात म्हणून. त्यात लेन्समधून दिसत नाही, वेगळ्या खिडकीतून दिसतं. पुतण्याच्या मुंजीत मातृभोजनाचे सगळे फोटो मी झाकण लावून काढले. खिडकीतून सगळं लख्ख दिसत होतं. रोल धुऊन आला तेव्हा तेवढा भाग कोरा. माझी वहिनी, मुलाची आई, काही बोलली नाही, पण त्या मुलाने तिच्या ताटातला घास घेतला तो क्षण कुठेच नाही, हे मला आजही लागतं.

मांडवीची_माई :
भाऊ, तिला तो क्षण फोटोशिवाय आठवत असणार. आईला आठवतोच.

निवृत्त_काका :
असेल माई. विचारतो तिला.

फाइनआर्ट्सचा_जुना :
काका, एक सांगू? काचेच्या प्लेटवर फोटो घ्यायचे त्या काळात झाकण हेच शटर होतं. फोटोग्राफर झाकण काढायचा, मनात सेकंद मोजायचा, परत लावायचा. दादासाहेब फाळके आपल्या इथल्याच कलाभवनात शिकले, फोटोग्राफी इथेच हाताळली. जुने कॅमेरे बघताना मला नेहमी वाटतं, झाकण हरवणं त्या लोकांना परवडलंच नसतं.

उत्तरायणवाला :
वा. हे माहीत नव्हतं.

वाघोडियारोड :
कुणाकडे फंगस काढणारा चांगला माणूस आहे का? लेन्स झाकण लावून कपाटात ठेवली होती, पावसाळ्यानंतर आत जाळं.

लग्नाचे_फोटोवाले :
झाकणाने बुरशी थांबत नाही, तिला दमट अंधारच आवडतो. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, जेल ओलं झालं की बदला. माणसाचा नंबर वैयक्तिक निरोपात देतो.

मकरपुरा_गेट :
आतल्या बाजूला पांढऱ्या मार्करने फोन नंबर लिहा. माझं खंडेराव मार्केटात पडलेलं भाजीवाल्या बेननी फोन करून परत दिलं.

पाणवठा :
म्हणजे खिशातून पडलंच होतं ना!

मकरपुरा_गेट :
तो बिनबटणाचा शर्ट होता.

दांडियाबाजारची_लेक :
सगळ्यांचं वाचलं, दोनदा. नवं ६७ आजच घेतलं, आणि एक काम करून बघितलं ते सांगते. चकती चिकटवण्याऐवजी झाकणाच्या कडेला तापवलेल्या सुईने बारीक भोक पाडलं (चिमटीची स्प्रिंग असते तिथे नाही, बाजूला). त्यातून जाड काळा दोरा ओवला, आणि दुसऱ्या टोकाला आईच्या डब्यातलं टिचबटण. त्याची जोडी कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर शिवली. तिपाई लावायची तेव्हा टक करून सोडवायचं, हातात कॅमेरा असेल तेव्हा अडकवून ठेवायचं. गोंद नाही त्यामुळे उन्हाची भीती नाही. मागचं अर्धं काम आईने केलं, माझी टिचबटणं वाकडी बसतात.

शिवताना तिला बाबांचं ते झाकण दाखवलं. मखमल कुठली विचारलं. म्हणाली, "माझ्या लग्नातल्या ब्लाउजची बाही. तुझ्या बाबांनी विचारून कापली होती हो."

पाणवठा :
ताई रविवारी वढवाण्याला येताय का नवं झाकण घेऊन? सहाला निघतो. थंडी पडली की पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस) येतील, त्याआधी एकदा हात बसू दे.

दांडियाबाजारची_लेक :
येते. आईसुद्धा येते म्हणतेय. ५८ वालं कुणी विचारलं का?

पाणवठा :
नाही अजून. बरोबर आणतो, तिथेच कुणाचं तरी असेल.