'जिन पोल' म्हणजे जिनिंगचा खांब?

धुळे, अनुवाद: टॉवर उभारणीच्या इंग्रजी पुस्तिकेचं मराठी करतेय. 'जिन पोल'ला आधीच्या मसुद्यात 'जिनिंगचा खांब' म्हटलंय. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी काढणं; टॉवरवर कापूस कुठला? काय लिहू?

भुसावळ, उभारणी: कापसाचा संबंध नाही, ताई. वजन उचलायला एकच खांब, माथ्याला कप्पी, चहूबाजूंनी ताणाचे दोर. खांब वजनाकडे जरासा कलता ठेवायचा, म्हणजे माल त्याला घासत नाही. कल वाढला की मागच्या ताणावर ओढ येते, मेख उपटते. बूड जखडलं नाही तर खांब खालून सरकतो.

जळगाव: शब्द मात्र एकच. लॅटिन 'इंगेनियम' म्हणजे उपजत बुद्धी; त्यावरून जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत 'एंजिन' आलं, आणि पुढचा स्वर गळून 'जिन'. सापळा, वजन उचलायची कप्पी, खाणीतून माल वर ओढणारा घोड्यांचा रहाट, सगळ्यांना जिन म्हणत. एली व्हिटनीने 1794 मध्ये पेटंट घेतलं ते कॉटन जिनचं.

अमळनेर: मग दारूची जिन?

जळगाव: ती वेगळी. डच 'येनेव्हर', म्हणजे जुनिपरच्या फळांवरून. अरबी जिन्न, जैनांचे जिन, घोड्याचं जीन यांचाही एकमेकांशी संबंध नाही.

धरणगाव: आपल्याकडे 'वटणे' असताना जिनिंग कशाला? 'वटणयंत्र' लिहा, कापूस वटवून आणा म्हणा. घरचा शब्द आपणच टाकला तर टिकवणार कोण?

चोपडा, जिन फिटर: शब्द चांगला, भाऊ, पण 'वटणयंत्राचा रोलर बदल' म्हटलं तर कामगार थांबून विचारेल. शिवाय व्हिटनीचं जिन तारेच्या दात्यांचं. आपल्याकडे चालतं ते डबल रोलर. कातड्याच्या चकत्या शाफ्टवर दाबून बसवलेल्या, त्यावर तिरप्या खाचा. तंतू कातड्याला चिकटून स्थिर पातीखाली ओढला जातो, सरकी पातीत अडते आणि हलती पाती तिला ढकलून मोकळी करते. दाब जास्त दिला की कातडं तापतं, करपल्याचा वास येतो. खाचा गुळगुळीत झाल्या की काम मंदावतं. ओला कापूस रोलरला गुंडाळतो.

पाचोरा, व्यापारी: क्विंटलला 33 ते 35 किलो रुई पडते, बाकी सरकी आणि घट. 170 किलोची गाठ बांधायला साधारण 5 क्विंटल कापूस लागतो. रुईच्या या प्रमाणाला आम्ही उतारा म्हणतो. हा शब्द कोणी ठरवून घडवला नाही, कामातून आला.

धरणगाव: 'उतारा'ही मराठीच ना? मग 'वटणे' का नको?

चोपडा, जिन फिटर: उतारा रोज तोंडात आहे. वटणे राहिलंय का?

धरणगाव: म्हाताऱ्या माणसांना विचारा. सरकी हाताने सोडवायची तेव्हा जिनिंग म्हणत नव्हते.

अमळनेर: गाद्यांचा कापूस पिंजणारे काय म्हणतात?

पाचोरा, व्यापारी: पिंजणं वेगळं, भाऊ. सरकी निघाल्यावर रुई मोकळी करणं म्हणजे पिंजणं. त्यात वटणे आणू नका, गोंधळ होईल.