युद्धानंतरच्या छावण्या : पाहिलेलं, ऐकलेलं

१९४५ मध्ये नाझींच्या छळछावण्यांतून सुटका झाली, पण कित्येक ज्यूंना परतायला घरच उरलं नव्हतं. मग जर्मनीतल्याच निर्वासित छावण्यांत त्यांनी लग्नं केली, शाळा काढल्या, वर्तमानपत्रं चालवली. कुणी यातलं काही पाहिलं-ऐकलं असेल तर लिहा. ऐकीव असेल तर तसं सांगा, चालेल.

लोद, इस्रायल :
आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू; आईबाबा ठाण्याचे. आमच्या खालच्या मजल्यावर पोलंडच्या एक आजी राहायच्या, बेर्गन-बेल्सन छळछावणीतून वाचलेल्या. टायफसमुळे ब्रिटिशांनी छळछावणीच्या बराकी जाळल्या आणि माणसं जवळच्या जर्मन लष्करी वसाहतीत हलवली; तीच पुढे निर्वासित छावणी झाली. आजींचं लग्न तिथलंच. पांढरा झगा एकच. आज हिच्या अंगावर, उद्या तिच्या. दर वेळी कंबरेला नवे टाके. "इथे एवढं आत घेतलं होतं," म्हणून आजी चिमटीने दाखवायच्या. आईने विचारलं, इतक्या घाईने कसं ठरवलंत? तर म्हणाल्या, "तो एकटा, मी एकटी. आणखी काय बघायचं?" त्या छावणीत दोन हजारांवर मुलं जन्मली, त्यांचा थोरला त्यातलाच.

पुणे :
घरचा छापखाना होता, त्यामुळे माझं लक्ष खिळ्यांकडे, म्हणजे छपाईच्या अक्षरांकडे. (हे सगळं वाचलेलं.) लॅन्ड्सबेर्ग छावणीचं वर्तमानपत्र यिडिश, ही पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा, एरवी हिब्रू लिपीत लिहितात; पण छापलेलं रोमन लिपीत! हिब्रू खिळे मिळणार कुठून? बेल्सनचा जुलै १९४५ चा पहिला अंक तर हातानेच लिहिलेला. पुढे कागदाची मारामार असताना, अमेरिकन सैन्याच्या मदतीने हायडेलबर्गला अख्खा तालमूद हा ज्यू धर्मग्रंथ छापला, १९ खंड. शीर्षकपानावर खाली काटेरी कुंपण, वर जेरुसलेम.

नागपूर :
सुरुवातीचे महिने मात्र विसरू नका. १९४५ च्या उन्हाळ्यात यांतले बरेच जण कुंपणाआडच होते, काहींच्या अंगावर कैद्यांचेच कपडे. पाहणीसाठी पाठवलेल्या अर्ल हॅरिसन यांनी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांना तसा खरमरीत अहवाल दिला, तेव्हा कुठे चक्रं हलली. जे पोलंडला परतले त्यांची गत काय झाली? जुलै १९४६ मध्ये कील्त्से गावात जमावाने चाळीसहून अधिक ज्यू मारले. मग जर्मनीतल्या छावण्यांकडे लोंढेच लागले.

म्युनिक :
जवळच्या फोरेनवाल्डला जाऊन आलो. आता तिथे साधी वस्ती आहे, जुन्या स्नानगृहात संग्रहालय. ही छावणी १९५७ पर्यंत चालली! क्षयाच्या रुग्णांना कुठलाच देश घेईना, हे त्यामागचं एक कारण. लोदकर, तुमच्या आजी कधी निघाल्या?

लोद, इस्रायल :
१९४९, बोटीने हैफाला. सोबत शिलाई मशीन. नवरा शिवणकाम छावणीतल्या ओर्ट या कामधंदा शिकवणाऱ्या ज्यू संस्थेच्या वर्गात शिकला होता. आमच्या शाळेचे गणवेश त्यांनीच शिवले.